सिंगल युजर तिकोणे भाऊ

रोज सकाळी आमच्या दारावर तीनदा टकटक होते. दाराला बेल आहे, चांगली वाजती आहे, पण तिला कोणी हात लावत नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येतं, "कोन न्हाई. आला रिप्लाय. बास." आणि चपलांचा आवाज जिना उतरून जातो.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी कणकेच्या हातांनी दार उघडलं, तर जिन्यात चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोळी तव्यावर सोडून धावले, तर वळणावर एक चॉकलेटी मफलर दिसेनासा होत होता. पोळी करपली ती करपलीच. तिसऱ्या दिवशी मात्र मी दाराआडच दबा धरून उभी राहिले आणि पहिल्या टकटकीलाच दार उघडलं. समोर तळमजल्यावरचे तिकोणे भाऊ, हात तसाच हवेत.

"भाऊ, हा काय प्रकार आहे?"

"बाई, ह्याला पिंग म्हनत्यात," ते शांतपणे म्हणाले. मी शाळेत शिकवते, म्हणून मी बाई. "एक मशीन दुसऱ्या मशीनला इचारतं, हायेस का? ते म्हनतं, हाय. झालं काम."

"मग बेल वाजवा ना सरळ. आत या, चहा घ्या."

"बेल पाव्हन्यांसाठी असती. पिंग घरात येत न्हाई आन् च्या बी पीत न्हाई." एवढं बोलून ते वरच्या मजल्याकडे निघाले.

वरच्या मजल्यावर कोणी राहतच नव्हतं. तरी मी कान देऊन ऐकलं. टकटक झाली, जरा वेळ गेला आणि भाऊंचा आवाज आला, "टाइम आऊट." मग शेजारचं दार. पुन्हा टकटक, पुन्हा "टाइम आऊट." असे ते गच्चीपर्यंत गेले आणि एकही कुलूप न चुकवता खाली आले.

आमची इमारत लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला आहे. नाव 'व्हॅली व्ह्यू'. पूर्वी खिडकीतून खरंच दरी दिसायची. मग त्याच बिल्डरने समोर 'व्हॅली व्ह्यू टू' बांधली आणि आता आम्हाला तिची बाथरूमं दिसतात. इथे माणसं दोन प्रकारची आहेत, कायमची आणि शनिवारची. शनिवारची माणसं मुंबई-पुण्याहून गाड्या भरून येतात, दोन दिवस नुसता गलका करतात, चिक्कीची खोकी घेतात आणि रविवारी संध्याकाळी दारं लोटून जातात. मग पाच दिवस इमारतीत कुलपं आणि आम्ही. आम्ही म्हणजे मी, नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत शिफ्ट करणारे माझे यजमान, खंडाळ्याच्या एका हॉटेलात मॅनेजर असलेले आणि कधीच न दिसणारे एक गृहस्थ, आणि तिकोणे भाऊ.

पूर्वी तिसऱ्या मजल्यावर जोशी आजी असायच्या. एका सोमवारी त्या बाथरूममध्ये पडल्या आणि तशाच पडून राहिल्या. आम्ही सगळे आपापल्या कामात. मंगळवारी दारात दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या तेव्हा भाऊंनी दार फोडायला लावलं. आजी वाचल्या, मुलाने त्यांना पुण्याला नेलं, त्या आता बऱ्या आहेत. पण पिंग सुरू झालं ते त्या बुधवारपासून. मी एकदा विचारलं, "भाऊ, कुलपांना कशाला विचारता?" तर म्हणाले, "त्या बाईंच्या दाराला बी आमी बंद समजूनच चाललो हुतो ना."

भाऊ मूळचे पवना धरणाकडच्या गावचे. भाताची शेती भावाने सांभाळली आणि हे टेलिफोन खात्यात लागले. सुरुवात खांबावर चढण्यापासून केली आणि शेवट एक्स्चेंजच्या थंडगार खोलीत झाला. त्या खोलीमुळेच त्यांना बारा महिने मफलर लागतो असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या पत्नी, शारदाकाकू, जाऊन काही वर्षं झाली. लेक वराळ्याला दिलेली. वराळे काही लांब नाही, पण तिचा संसार, तिची कंपनी, तिच्या पोरांच्या शिकवण्या. सणाला येते.

भाऊंच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर एक काळा डबा आहे. इमारतीतलं सगळं इंटरनेट या डब्यातून जातं. पूर्वी प्रत्येकाचं वेगळं कनेक्शन होतं आणि प्रत्येकाची वेगळी बोंब होती. भाऊंनी सोसायटीला पटवलं की एकच दणकट लाइन घ्या, वाटून मी देतो. मग एका बंद पडलेल्या ऑफिसातला कॉम्प्युटर आणला, त्यात नवी बिनचकतीची, एसएसडी म्हणतात ती, डिस्क बसवली आणि त्याचा फायरवॉल केला. भाऊ त्याला फायरवाल म्हणतात. "आगीची भित, बाई. भाईरचं हितं येनार न्हाई." गेटवरच्या वॉचमनला बोलावून त्यांनी डबा दाखवला आणि म्हणाले, "बग, ह्यो खरा वॉचमन. ह्यो झोपत न्हाई." तेव्हापासून वॉचमन त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

या डब्याचा एक नियम आहे आणि भाऊंनी तो जगण्यालाही लावून टाकला. "आदी समद्यांना मनाई. मग ज्याची वळख पटंल त्याला वाट." झाडूवाले, गॅसच्या नळ्या विकणारे, मतं मागायला येणारे, सगळे याच चाळणीतून जातात. माझा सख्खा भाऊ साताऱ्याहून आला, त्याला भाऊंनी गेटवर धरलं. "बाईंचं बंधू म्हनता, मग बाईंच्या शाळेचं नाव सांगा." आता सख्ख्या भावांना बहिणीच्या शाळेचं नाव कधी माहीत असतं? त्याला वॉचमनच्या खुर्चीत बसवून ठेवलं आणि मी शाळेतून येईपर्यंत उठू दिलं नाही. मधल्या वेळात दोनदा चहा मात्र दिला.

तर असा हा जागता डबा, पण त्याला एक खोड होती. आठवडा-पंधरवडा बरा चालायचा आणि मग म्हाताऱ्या बैलासारखा बसायचा. सगळ्या इमारतीचं नेट बंद. माझं तर तोंडचं पाणी पळायचं, कारण दहावीचे मार्क साइटवर भरताना तो हमखास बसायचा आणि अख्खी तुकडी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागायची. मी त्या डब्याला मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते शाळेतल्या बाईने लिहू नये.

शनिवारच्या माणसांनाही लगेच कळायचं. त्यांनी आपल्या रिकाम्या घरांत कॅमेरे लावून ठेवले आहेत. मुंबईत ऑफिसात बसून ही माणसं दुपारी आपला लोणावळ्याचा रिकामा सोफा बघतात. सोफा दिसेनासा झाला की त्यांचा जीव वरखाली होतो आणि भाऊंचा फोन वाजायला लागतो.

त्यांची खिडकी माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. "हॅलो, तिकोणे. व्हय, गेलंय. करतो, करतो. आदी मला सांगा, तुमच्याकडं पाऊस हाय का?" अंधेरीतल्या पावसाचा तुंगार्लीतल्या डब्याशी संबंध काय, असं पलीकडचा विचारत असावा. "आसतो, संबंध आसतो. बरं, आईचं गुडगं कसं हाय? तेल लावता का? कोमट करून लावा. पोरगी कितवीला गेली? आरं वा!" मग दुसरा फोन, मग तिसरा. डबा बंद करून चालू करायला मिनिटभर लागायचं, पण फोन संपेपर्यंत दुपार व्हायची. त्या दिवशी भाऊ संध्याकाळी फिरायला निघाले की शीळ घालायचे.

हे असं किती दिवस चालणार? शेवटी एका रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. अध्यक्ष देसाई मॅडम, मुंबईच्या, गॉगल डोक्यावर. त्या म्हणाल्या, "काकांबद्दल आम्हाला आदर आहेच." आदराने सुरू झालेलं वाक्य 'पण'वर जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. तसं ते गेलं. डबा काढायचा आणि एखाद्या कंपनीला काम द्यायचं, असा ठराव त्यांनी मांडला.

त्यांचा जावई कॉम्प्युटरमधला होता. तो म्हणाला, मी एकदा बघून येतो. तो भाऊंच्या घरात गेला आणि चहाचे कप फिरेपर्यंत बाहेर आला. "काका, डिस्कचं ट्रिम बंद आहे. म्हणून ती भरत जाते आणि अडकते. ते चालू केलं की हा डबा वर्षानुवर्षं चालेल. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

भाऊंनी मफलर सारखा केला. "बगतो म्हनलं," एवढंच बोलले.

"ठीक आहे," देसाई मॅडम म्हणाल्या. "पुढच्या रविवारपर्यंत झालं तर डबा राहील. नाहीतर काढू."

मला वाटलं, भाऊ तसेच पळत आत जाऊन काम उरकतील. आळीत कुठे वायर लोंबताना दिसली तर शिडी मागून आणणारा हा माणूस. पण सोमवार तसाच गेला. मंगळवारी खिडकीतून फोन ऐकू यायला लागले. या वेळी भाऊ स्वतः लावत होते. "हॅलो, तिकोणे. गुरुवारी सकाळी अर्धा तास नेट बंद ठेवतोय. ट्रिम चालू करायचंय. तुमची काय हरकत? न्हाई? कॅमेरा बंद ऱ्हाईल बरं का. चालंल? बगा, गुरुवार नको आसंल तर फुडं ढकलू. नको? बरं, बरं. आईचं गुडगं..." पण पलीकडून फोन ठेवलेला असायचा. रिकाम्या इमारतीतलं नेट अर्धा तास बंद करायला एवढी परवानगी कोण मागतं! मी जिन्यात विचारलं, "काय भाऊ, कोणाची हरकत आली का?"

"एकानंबी घेतली न्हाई," भाऊ म्हणाले. चेहरा असा, की जणू पत्रिका वाटूनही लग्नाला कोणी आलं नाही.

गुरुवारी सकाळी तीन टकटकी पडल्या. "कोण आहे?" मी ओरडले. उत्तर आलं नाही. चपलाही उतरल्या नाहीत. मी दार उघडलं.

"बाई," भाऊ म्हणाले, "वाइच खाली येता का? एकट्यानं करवंना."

मी गॅस बंद करून गेले. भाऊंच्या घरी मी तशी कमीच जाते. घर लख्ख होतं. लोणावळ्याच्या दमट हवेत कपड्यांना वास येतो, म्हणून खिडकीत उन्हाला शारदाकाकूंचा स्वेटर टाकला होता. मी तिकडे बघायचं टाळलं. डब्याला जुना टीव्ही जोडला होता आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"आदी तुमाला ट्रिम काय ते सांगतो," भाऊ म्हणाले. त्यांना सांगू दिलं नसतं तर त्यांच्या हातून ते झालंच नसतं. "आपन काय पुसलं तर आपल्याला वाटतं, गेलं. पन डिस्कला कोन सांगतंय? ती बापडी समदं धरून बसती. भात कापल्यावर खाचरात खुटं ऱ्हात्यात ना, तसं. वर नवी लावनी करायला गेलं की हात अडकतो. ट्रिम म्हंजे डिस्कला सांगायचं, बाई, हे गेलं बरं का, आता सोड."

"मग सांगा की तिला."

"आसं चालत्या मशीनला सांगता येत न्हाई. पंगत बसल्याली आसताना सतरंजी बदलता येती का? समद्यांना उठवाय लागतं." त्यांनी डबा बंद करून पुन्हा चालू केला. टीव्हीवर पांढरी अक्षरं आली. भाऊंनी बोट ठेवून दाखवलं. "ह्यो पयला नंबर, मल्टी युजर. म्हंजे समदी आत. ह्यो दुसरा, सिंगल युजर. समदी भाईर, मशीन आन् आपुन." त्यांनी दोन नंबर दाबला आणि जरा हसले. "आपल्याला सवय हाय ह्याची."

अक्षरं भराभर वर गेली आणि थांबली. भाऊंनी न बघता एक ओळ टाइप केली. ना कागद, ना चष्मा. बोटं पूजेची फुलं मांडावीत तशी पडत होती. मी गेली वीस वर्षं पोरांचे चेहरे वाचते. पाठ केलेलं कोणतं आणि आयत्या वेळचं कोणतं, हे मला कळतं.

"भाऊ," मी म्हटलं, "हे तुम्हाला आधीपासून येत होतं."

"येत नव्हतं आसं कोन म्हनलं?"

"कधीपासून?"

"डबा बसवला त्याच्या फुडल्या म्हैन्यात कळलंतं."

मला असा संताप आला म्हणता! माझ्या त्या सगळ्या तुकड्या, ते सगळे मार्क, रात्र रात्र पुन्हा भरलेले. "मग केलं का नाही? आम्ही इतके दिवस कपाळ बडवून घेतोय!"

भाऊ टीव्हीकडेच बघत होते. "नेट गेलं की फोन येतो, बाई."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मी समद्यांना पिंग करतो. मला कोन करतंय? नेट गेलं की समदी करत्यात. अंधेरीवाला करतो, देसाईबाई करती. शिव्या का दीनात, पन हाय का म्हनून इचारत्यात. हे ट्रिम एकदा चालू झालं का डबा मुकाट चालनार. आन् समदं बरं चाललंय, हे सांगायला कोन कुनाला फोन करत न्हाई."

बाहेर वॉचमन गाडी धूत होता, त्याच्या नळाचा आवाज येत होता. माझा संताप कुठे गेला मला कळलं नाही. "मी देसाई मॅडमशी बोलू का?" मी विचारलं. "राहू द्या म्हणते तसंच."

"मग डबाच जाईल. त्यो गेला की मला ह्या बिल्डिंगीत काय काम? वळखनार बी न्हाई कोन." त्यांनी हात मांडीवर पुसले आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "एंटर ऱ्हायलाय. तुमी दाबा. माजा हात जाईना."

मी एंटर दाबलं. काहीच झालं नाही, म्हणजे मला तरी काही दिसलं नाही. एक छोटी ओळ उमटली. भाऊंनी ती वाचली, मान हलवली आणि डबा पुन्हा चालू केला, या वेळी एक नंबरने. "झालं. आता समदी आत," ते म्हणाले. समदी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

रविवारी देसाई मॅडमनी ग्रुपवर जाहीर केलं की डबा राहणार. खाली अंगठ्यांची रांग लागली. मग पंधरवडा गेला, महिना गेला, गणपती येऊन गेले. डबा एकदाही बसला नाही. माझे सहामाहीचे मार्क एका बैठकीत भरून झाले आणि मला त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. खालच्या खिडकीतून "हॅलो, तिकोणे" ऐकू येत नव्हतं. संध्याकाळची शीळही बंद झाली. पिंग मात्र चुकलं नाही. तीन टकटकी, "आला रिप्लाय," आणि वरची सगळी कुलपं.

एके दिवशी टकटकीनंतर चपला उतरल्या नाहीत म्हणून मी दार उघडलं. भाऊ हातात मोबाइल घेऊन उभे. "बाई, मला एक फोन लावता का? बिघडला का काय, बगायचंय."

मी तिथेच, उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून फोन लावला. उंबऱ्याच्या पलीकडे तो खणखणीत वाजला. भाऊंनी लगेच उचलला नाही. दोन-तीन वेळा वाजू दिला, मग कानाला लावून माझ्याकडे बघत म्हणाले, "हॅलो, तिकोणे." मीही फोनवरच म्हणाले, "हॅलो भाऊ." दोघांनी फोन ठेवले. "चांगला हाय फोन," असं म्हणून ते वर गेले.

मी आत आले, पण कामात लक्ष लागेना. भाजी चिरताना मला सारखी ती एंटरची कळ आठवत होती. वरून टाइम आऊट, टाइम आऊट ऐकू येत राहिलं. मग चपला खाली उतरल्या, तळमजल्याचं दार लागलं आणि इमारत चिडीचूप झाली. मी हात पुसले आणि फोन उचलला.

"हॅलो, तिकोणे."

"भाऊ, नेट गेलंय हो आमचं."

भाऊ त्या वेळी डब्यासमोरच बसलेले असतात, हे मला माहीत आहे. कोणाचं नेट चालू आणि कोणाचं बंद, ते त्यांना तिथे बसल्या जागी दिसतं.

"समद्यांचं गेलंय का तुमचंच?" त्यांनी हळू विचारलं.

"आमचंच."

"लाइट कसली हाय?"

माझ्यासमोर भिंतीवर हिरवा दिवा छान लुकलुकत होता. "लाल," मी म्हणाले.

"आन् पाऊस हाय का तुमच्याकडं?"

आमच्या दोघांच्या मध्ये एक स्लॅब होता आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. "आहे थोडा," मी म्हणाले.

"आसं," भाऊ म्हणाले. "मग येऊन बगाया लागंल."

थोड्या वेळाने आमची बेल वाजली. बेल! मी सवयीने आतूनच ओरडले, "कोण आहे?"

"मी हाय, बाई. तिकोणे."

मी दार उघडलं. भाऊंनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि पहिल्यांदाच आमच्या घरात आले. मफलर मागे टाकला, खिशातून चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या त्या हिरव्या दिव्याकडे वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले, "लाल हाय."

मी चहाचं आधण ठेवलं.